टाकाऊ लांकडाची वीज : केटल फॉल्सची हकीकत

भुशाची शेगडी आठवणारीं माणसें आतां थोडींच राहिलीं असतील. पत्र्याच्या डब्याच्या मधोमध बाटली उभी धरावयाची, तिच्या भोंवतीं वखारींतून आणलेला लांकडाचा भुसा ठासून भरावयाचा, आणि मग ती बाटली अलगद फिरवून वर काढून घ्यावयाची. मागें जी पोकळी उरते तिच्यांतून जाळ वर येतो, आणि एकदां पेटलेली शेगडी दोन-तीन तास सारख्या आंचेवर जळत राहते. गॅसच्या टाक्या घरोघर येण्यापूर्वीं मुंबई-पुण्याच्या चाळींतून व वाड्यांतून तिचा पुष्कळ उपयोग होत असे. वखारवाल्याच्या दृष्टीनें भुसा म्हणजे पायांत येणारी अडगळ. बेताच्या मिळकतीच्या गृहिणीच्या दृष्टीनें तेंच स्वस्तांतलें सरपण. मात्र गिऱ्हाइकें थोडीं होतीं तोंवरच ही गोष्ट खरी. भुशाला मागणी आहे असें एकदां वखारवाल्याच्या ध्यानांत आलें, कीं पोत्याला दर ठरे, आणि पुढें तो दर वाढे. अर्थशास्त्राचा हा धडा आमच्या आयांना पुस्तकाशिवाय येत होता. प्रस्तुत लेखांत ज्या वीजघराची हकीकत सांगावयाची आहे, त्याच्या चालकांस तोच धडा पुढें फार मोठ्या प्रमाणावर गिरवावा लागला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं वॉशिंग्टन हें एक राज्य देशाच्या वायव्य टोंकास आहे. (राजधानीचें वॉशिंग्टन शहर निराळें, तें अगदीं दुसऱ्या टोंकास.) ह्या राज्याच्या ईशान्य कोंपऱ्यांत, कॅनडाच्या सरहद्दीपासून फार दूर नाहीं अशा जागीं, केटल फॉल्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १९८३ सालीं एक वीजघर सुरू झालें. त्यांत कोळसा जाळीत नाहींत. आसपासच्या लांकूडकापीच्या गिरण्यांतून निघणारी साल, भुसा व ढलप्या हेंच त्याचें मुख्य अन्न. केवळ टाकाऊ लांकडापासून वीज करावयाची ह्याच हेतूनें एखाद्या वीजकंपनीनें बांधलेलें अमेरिकेंतील हें पहिलें वीजघर होय, असें त्याचे मालक सांगतात. परंतु त्याची गोष्ट १९८३ पासून सांगूं लागलों तर ती निम्मीच होईल. कारण गांवाच्या नांवांत जो 'फॉल्स', म्हणजे धबधबा आहे, तो आज गांवाजवळ कोठेंहि दिसत नाहीं.

कोलंबिया नदी कॅनडांतील पर्वतांतून निघून ह्या प्रदेशांत उतरते. येथें एके ठिकाणीं ती कठीण खडकाच्या पायऱ्यांवरून मोठ्या घोषानें खालीं पडत असे. आपल्याकडे निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रांत जसे रांजण पडले आहेत, तसेच पाण्याच्या घुसळणीनें तेथील खडकांतहि पडले होते. त्यांवरून फ्रेंच भाषा बोलणाऱ्या नावाड्यांनीं त्या जागेस हंड्याचें नांव दिलें, आणि इंग्रजांनीं त्याचें 'केटल' केलें. समुद्रांतून शेंकडों मैल वर चढून येणारा सॅमन मासा ह्या धबधब्याशीं येऊन थबके व उड्या मारमारून तो ओलांडूं पाही. अशा वेळीं त्या प्रदेशांतील मूळचे रहिवासी दूरदूरच्या जमातींसह येथें जमत. खडकावरून पाण्यावर मोठमोठ्या टोपल्या टांगून ठेवीत; उडी चुकलेला मासा अलगद त्यांत पडे. पकडलेल्या माशांची वांटणी करण्याचा अधिकार एका प्रमुखाकडे असे, आणि पाहुण्या जमातींचा वांटाहि त्यांत धरलेला असे. हजारों वर्षें चाललेली ही एक जत्राच होती म्हणाना. व्यापार, सोयरिकी, तंटेबखेडे सारें त्या खडकांवर उरकत असे.

१८११ च्या जून महिन्यांत डेव्हिड थॉम्सन हा नकाशे करणारा प्रवासी येथें येऊन पोंचला. पुढील प्रवासासाठीं त्याला होडी हवी होती, पण होडी मढविण्यास लागणारी बर्च झाडाची चांगली साल त्या भागांत मिळेना. तेव्हां त्यानें देवदाराच्या जातीच्या झाडांच्या फळ्या काढून होडी बांधली व जुलैच्या प्रारंभीं तो नदीनें खालीं गेला. तेथील लोक माशांच्या हंगामांत पाण्याच्या शुद्धतेस किती जपत असत हें त्यानें आपल्या वृत्तांतांत लिहून ठेवलें आहे. नदींत रक्त किंवा माशांची घाण जाऊं द्यावयाची नाहीं असा त्यांचा कडक दंडक होता. थॉम्सनच्या एका माणसानें घोड्याचें एक हाड निष्काळजीपणानें पाण्यांत टाकलें, तर लगेच एकानें बुडी मारून तें वर काढलें. तोंपर्यंत मासे मात्र तेथून दूर निघून गेले होते. एखाद्या जागेच्या इतिहासांत कचऱ्याविषयींची नोंद इतकी आधीं सांपडावी ही गोष्ट मला मोठी लक्षणीय वाटते.

त्यानंतर १८२५ सालीं हडसन्स बे कंपनीनें धबधब्याजवळ कॉलव्हिल नांवाचें ठाणें वसविलें. कातड्यांचा व्यापार वाढला. १८४७ सालीं पॉल केन ह्या चित्रकारानें तेथील मासेमारीचीं चित्रें काढलीं. त्याच सुमारास मिशनरी आले. सोनें शोधणारे, शेतकरी व शेवटीं लांकूडतोडे हा पुढचा क्रम अमेरिकेच्या पश्चिम भागांत सर्वत्र सारखाच असल्यामुळें त्यावर येथें अधिक लिहीत नाहीं.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ह्या नदीवर प्रचंड धरण बांधावें अशी चळवळ सुरू झाली. धरणवाद्यांच्या लेखांतून व भाषणांतून एक मुद्दा पुनः पुनः येतो : एवढें पाणी रोज समुद्रास जाऊन मिळतें आहे, तें सारें वाया जात आहे. जमीन तहानलेली, कारखान्यांना वीज नाहीं, आणि नदी मात्र उधळपट्टी करीत चालली आहे! हा युक्तिवाद लबाडीचा होता असें मीं म्हणणार नाहीं. १९३० नंतरच्या मंदीनें गांजलेल्या लोकांना काम हवें होतें व पडीक माळांना पाणी हवें होतें. परंतु 'वाया' हा शब्द ज्यांनीं वापरला त्यांनीं ज्यांचें पोट त्या वाहत्या पाण्यावर चाललें होतें त्यांना विचारलें नव्हतें. १९३३ सालीं ग्रँड कूली धरणाचें काम सुरू झालें. भिंत साडेपांचशें फूट उंच. तींत माशांना वर चढण्यासाठीं शिडी ठेवलेली नाहीं. १९४० च्या जूनमध्यें नदीकांठच्या जमातींनीं केटल फॉल्सच्या खडकांवर अखेरचा मेळावा भरविला. इतिहासांत त्याला 'अश्रूंचा सोहळा' असें नांव पडलें आहे. दुसऱ्या वर्षीं, १९४१ मध्यें, धबधबा पाण्याखालीं गेला. धरणामागें दीडशें मैल लांबीचें तळें पसरलें व त्याला अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांचें नांव देण्यांत आलें. जुनें केटल फॉल्स गांवहि त्यांत बुडालें. तेथील लोक आपल्या गांवाचें नांव घेऊन जवळच्या मायर्स फॉल्स नांवाच्या वस्तीवर राहावयास गेले, व पुढें त्या वस्तीसच केटल फॉल्स म्हणूं लागले. धरणाची वीज लगेच युद्धाच्या कामीं, विशेषतः विमानांस लागणारें अल्युमिनियम करण्याकडे वळली. कॉलव्हिल जमातींना त्यांच्या नुकसानीची भरपाई मिळण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. ५ कोटी ३० लक्ष डॉलर एकरकमी व त्यापुढें विजेच्या उत्पन्नांतून दरवर्षीं कांहीं रक्कम, असा तो करार होता. मासे त्यांत नव्हते.

आतां लांकडाकडे वळूं. गोल ओंडका चौकोनी करावयाचा म्हणजे कडा वाया जाणारच. साल, कडेचे फाळके, करवतीच्या दात्यांनीं पाडलेला भुसा व रंध्याच्या ढलप्या हें सारें जमेस धरलें, तर गिरणींत आलेल्या ओंडक्याचा निम्म्याच्या आसपास भाग फळी म्हणून बाहेर पडत नाहीं. एका सुताराच्या दुकानांत ही अडचण झाडूनें आवरते. पण जेथें डोंगरच्या डोंगर तोडून शेंकडों गिरण्या रात्रंदिवस चालतात तेथें काय करावयाचें? एकोणिसाव्या शतकांत सोपा मार्ग म्हणजे नदी. कॅनडांतील ओटावा नदींत गिरण्यांनीं इतका भुसा लोटला कीं त्याचे थर पात्रांत सांचले, ते आंतल्या आंत कुजून त्यांतून निघणाऱ्या वायूचे स्फोट होऊं लागले, आणि मासेमारी व नौकानयन दोन्ही अडचणींत आलीं. थॉम्सनच्या माणसानें टाकलेल्या एका हाडाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

वायव्य किनाऱ्यावरील गिरण्यांनीं दुसरा मार्ग धरला. लोखंडी पत्र्याचा एक मोठा शंकु उभारावयाचा, त्याच्या टोंकास जाळीची टोपी बसवावयाची, आणि त्यांत सारा कचरा रात्रंदिवस जाळीत राहावयाचें. ह्या शंकूंचा आकार तद्देशीय लोकांच्या तंबूसारखा असल्यामुळें त्यांना 'विगवॅम बर्नर' असें म्हणत. ज्यांचे तंबू उठवून लावले त्यांचेंच नांव कचऱ्याच्या भट्टीस द्यावें ह्यांत कोणास कांहीं खटकलें असेलसें दिसत नाहीं. १९५० ते १९६० च्या काळांत ऑरेगन व वॉशिंग्टन ह्या दोन राज्यांत असे शंकु शेंकड्यांनीं होते. ओलें लांकूड त्यांत धुमसत राही, धूर दरीदरींतून सांचे, रात्रीं ठिणग्यांचे फवारे उडत. आणि एवढ्या उष्णतेचा उपयोग म्हणाल तर शून्य.

सारेच लोक इतके उधळे नव्हते. ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड शहरांत विसाव्या शतकाच्या प्रारंभीं विलामेट नदीच्या पूर्वकांठीं एक वीजघर उभें राहिलें. शेजारींच इन्मन-पोल्सन कंपनीची मोठी गिरणी होती. गिरणीचा कचरा वीजघराच्या भट्ट्यांत जाई व त्या विजेवर शहर चाले. हें वीजघर १९७५ पर्यंत टिकलें; त्याच्या जुन्या टर्बाइन-दालनास सामावून घेऊन आज तेथें विज्ञानाचें संग्रहालय उभें आहे. पोर्टलंडच्या घरांतूनहि त्या काळीं भुशावर चालणाऱ्या भट्ट्या असत. हिंवाळ्याच्या आधीं गाडी येऊन तळघरांत भुसा ओतून जाई. म्हणजे आपली भुशाची शेगडी एकटी नव्हती. तिची एक दणकट बहीण पॅसिफिक महासागराच्या पलीकडे नांदत होती.

मग असें असतां लांकडावरचीं वीजघरें सर्वत्र कां झालीं नाहींत? ह्याचें उत्तर पाण्यांत आहे. कोलंबिया व तिच्या उपनद्या ह्यांवरील धरणांची वीज इतकी स्वस्त होती, कीं लांकूड गोळा करून आणण्याचा खटाटोप कोणास परवडेना. ज्या धरणानें धबधबा बुडविला, त्यानेंच लांकडाचा कचराहि कवडीमोल करून ठेविला. लोखंडी शंकूंतील धुराचें एक कारण असें त्या तळ्याच्या तळाशीं सांपडतें.

हा तोल १९७० नंतरच्या दशकांत बिघडला. प्रथम १९७० च्या हवाशुद्धीच्या कायद्यानें शंकूंवर संक्रांत आली; गिरण्यांना कचरा जाळण्यास मनाई व टाकण्यास जागा नाहीं अशी स्थिति झाली. त्यापूर्वींच भुसा व चांगल्या ढलप्या कागदाच्या व दाबलेल्या फळ्यांच्या कारखान्यांत जाऊं लागल्या होत्या, पण साल आणि मातीमिश्रित गाळसाळ कोणी घेईना. त्यांतच १९७३ व १९७९ सालीं तेलाचे भाव कडाडले. १९७८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून, लहान उत्पादकांनीं अशा साधनांपासून केलेली वीज मोठ्या कंपन्यांनीं विकत घेतलीच पाहिजे असें ठरविलें. नद्यांवर नवीं धरणें बांधण्यास सोयीच्या जागाहि उरल्या नव्हत्या.

स्पोकॅन शहरांतील 'वॉशिंग्टन वॉटर पॉवर' ही कंपनी १८८९ सालीं निघाली. नांवांतच पाणी असलेल्या ह्या कंपनीस आतां दुसरें कांहींतरी शोधणें भाग पडलें. त्या राज्यांत तेव्हां बहुतेकांचा ओढा अणुशक्तीकडे होता. एका सार्वजनिक संस्थेनें पांच अणुवीजघरें एकदम हातीं घेतलीं होतीं. खर्च फुगत गेला, कामें रखडलीं, आणि १९८३ सालीं ती संस्था सव्वादोन अब्ज डॉलरांच्या कर्जरोख्यांचे पैसे देऊं शकली नाहीं; अमेरिकेंत सार्वजनिक कर्जरोखे बुडाल्याचें इतकें मोठें उदाहरण तोंपर्यंत झालें नव्हतें. त्याच वर्षीं केटल फॉल्सच्या भट्टींत पहिली साल पडली. पराक्रमी योजनांच्या गर्दींत ही योजना दिसण्यास फार साधी, जवळजवळ घरगुती वाटावी अशी होती, आणि बहुधा म्हणूनच ती तडीस गेली.

तिची रचनाहि तत्त्वतः साधी आहे. मालमोटारी भरभरून येतात. त्या रिकाम्या करण्याची रीत पाहण्यासारखी : गाडी एका लोखंडी तक्त्यावर उभी करतात आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांनीं तो तक्ता उचलून इतका तिरपा करतात, कीं माल आपोआप घसरून खालीं पडतो. मोठे तुकडे यंत्रांत घालून चुरडतात. मग सरकत्या पट्ट्यांवरून तो चुरा बॉयलरकडे जातो. भट्टींत तो वरून फेंकला जातो. बारीक कण हवेंतच पेटतात, जड तुकडे सरकत्या जाळीवर पडून जळतात. पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरविते, टर्बाइन जनित्र फिरवितें. धूर बाहेर पडण्यापूर्वीं विद्युद्‌भारित पत्र्यांमधून नेतात. राखेचे कण त्यांना चिकटून राहतात व धुराड्यांतून बहुधा वाफेचाच पांढरा लोट दिसतो. लोखंडी शंकूंत जळे तेंच लांकूड येथें जळतें. फरक एवढाच कीं जाळ बंदिस्त आहे, वारा मापून दिलेला आहे, आणि उष्णतेला काम आहे.

हिशेब मात्र डोळसपणें पाहिला पाहिजे. वीजघराची शक्ति ५० मेगॅवॅटच्या आसपास. पूर्ण जोरानें चालतांना तें तासाला सुमारें ७० टन लांकूड खातें, म्हणजे दिवसाला जवळजवळ सतराशें टन. ओलें लांकूड वजनानें निम्में पाणीच असतें. तें पाणी आधीं उकळून घालविण्यांत बरीच उष्णता खर्ची पडते. त्यामुळें लांकडांतील उष्णतेचा चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग विजेच्या रूपानें हातीं येतो. बाकीची हवेंत व पाण्यांत जाते. आमच्या साखर कारखान्यांत चिपाडें जाळून वीज करतात तेथें टर्बाइनमधून निघालेली वाफ रस आटविण्याच्या कामीं येते, म्हणून तो व्यवहार अधिक काटकसरीचा ठरतो. केटल फॉल्सला अशी दुसरी चूल शेजारीं नव्हती. आणि तुलनाच करावयाची तर त्याच नदीवर खालीं असलेल्या ग्रँड कूलीची आजची शक्ति ६,८०० मेगॅवॅटहून अधिक आहे, म्हणजे लांकडाच्या वीजघराच्या सव्वाशेपटीहून जास्त.

त्यांतून पुन्हां सरपणाचा प्रश्न. आरंभीं गिरणीवाल्यांना कचरा कोणी उचलून नेतो ह्यांतच समाधान होतें. गाडीभाडें दिलें कीं काम भागे. पण सालीला गिऱ्हाईक आहे हें कळल्यावर वखारवाल्यानें जें केलें तेंच गिरणीवाल्यांनीं केलें. बागांत पसरण्यासाठीं साल जाऊं लागली, गिरण्या स्वतःच्या भट्ट्यांत ती जाळूं लागल्या, कागदाचे कारखाने तिच्यासाठीं चढाओढ करूं लागले. १९९० नंतर संघराज्याच्या मालकीच्या जंगलांतील तोड फार कमी झाली. ठिपक्यांच्या घुबडाला कायद्याचें संरक्षण मिळालें तें ह्याच वर्षीं. तोड कमी म्हणजे गिरण्या कमी, आणि गिरण्या कमी म्हणजे कचरा कमी. जेथें रान वांचल्याचा आनंद मानावा तेथें सरपण आटल्याची चिंता करावी लागते, असें हें चमत्कारिक नातें आहे. म्हणून सरहद्दीपलीकडील ब्रिटिश कोलंबियांतूनहि लांकूड येऊं लागलें. दर वसंतांत बर्फ वितळून नद्या भरून आल्या कीं पाण्याची वीज इतकी मुबलक होते, कीं लांकूड जाळणें तोट्याचें ठरतें. मग भट्टी विझवून दुरुस्तीचीं कामें उरकून घेतात. १९९९ पासून कंपनीचें नांव 'अव्हिस्टा' झालें आहे. पाणी नांवांतून गेलें, पण वीजघर केव्हां पेटवावयाचें व केव्हां नाहीं हें ठरविण्यांत पाण्याचा शब्द अद्याप मोठा आहे.

केटल फॉल्सचें उदाहरण एकटें राहिलें नाहीं. व्हरमॉन्ट राज्यांतील बर्लिंग्टन शहरानें १९७७ सालींच आपल्या जुन्या कोळशाच्या वीजघरांतील एका बॉयलरमध्यें ढलप्या जाळून पाहिल्या होत्या. १९८४ मध्यें तेथें मॅकनील हें ५० मेगॅवॅटचें नवें लांकडी वीजघर उभें राहिलें. शहराच्या रस्त्यांवर मालमोटारींची दाटी नको म्हणून तेथील बहुतेक लांकूड आगगाडीनें आणण्याची व्यवस्था आहे. पण येथें कचरा म्हणजे मुख्यतः गिरणींतला नव्हे, तर जंगलांत तोड झाल्यावर उरलेले शेंडे, फांद्या व वांकडींतिकडीं झाडें. शब्दाचा अर्थ येथें थोडा सरकला. आणि इंग्लंडांतील यॉर्कशायरमधलें ड्रॅक्स वीजघर पाहिलें तर तो पुष्कळच सरकलेला दिसतो. कोळशाच्या खाणींजवळ बांधलेल्या ह्या अवाढव्य केंद्रानें २०१३ पासून सहापैकीं चार संच लांकडाच्या गोळ्यांवर आणले. ह्या गोळ्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून व कॅनडांतून जहाजांनीं अटलांटिक ओलांडून येतात. २०२१ मध्यें तेथें कोळशावरची नेहमींची वीजनिर्मिति थांबली. तेथें येणारें लांकूड कितपत टाकाऊ असतें ह्यावर मोठा वाद माजला. २०२४ मध्यें लांकडाच्या नोंदींतील उणिवांबद्दल कंपनीनें अडीच कोटी पौंड देण्याचें मान्य केलें. हेतुपुरस्सर फसवणूक झाली असें मात्र नियामकास आढळलें नाहीं.

ह्या वादाचें मूळ हवेंतील कर्बवायूच्या जमाखर्चांत आहे. लांकूड जाळलें तर तेवढ्याच विजेमागें कोळशाहूनहि अधिक कर्बवायु धुराड्यांतून निघतो. त्यावर उत्तर असें कीं, झाड पुन्हां वाढतांना तो शोषून घेतें. हें खरें, परंतु ओंडका तासाभरांत जळतो आणि झाड वाढण्यास अर्धें शतक लागतें. २००९ सालीं टिमोथी सर्चिंजर व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'सायन्स' नियतकालिकांत दाखवून दिलें, कीं लांकूड कोठून आलें हें न पाहतां सरसकट शून्य कर्ब मांडण्याची हिशेबाची रीतच चुकीची आहे. गिरणीच्या सालीबद्दल हा आक्षेप सौम्य होतो. ती जाळली नाहीं तरी ढिगांत कुजून तिच्यांतला कर्ब हवेंत जाणारच. पण त्याच विजेसाठीं उभें झाड तोडलें तर तें समर्थन लागू पडत नाहीं. माझ्या मतें सारा प्रश्न ह्या एका भेदावर उभा आहे, आणि बाजार हाच भेद पुसून टाकण्याच्या मागें असतो. कारण कचऱ्याला चांगला भाव आला कीं चांगल्या लांकडाला कचरा म्हणणें फायद्याचें होतें.

कायदेमंडळांनाहि ह्या भेदानें चकविलें आहे. वॉशिंग्टन राज्यांतील मतदारांनीं २००६ सालीं अक्षय्य साधनांपासून वीज घेण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें. त्यांत लांकडाची वीज धरली होती, परंतु १९९९ पूर्वींचीं वीजघरें मोजावयाचीं नव्हतीं. म्हणजे केटल फॉल्सला जळणारी साल कायद्याच्या दृष्टीनें अक्षय्य नव्हे, आणि तीच नव्या भट्टींत जळाली तर अक्षय्य! २०१२ सालीं कायदा दुरुस्त झाला व २०१६ पासून जुन्या वीजघरांचीहि वीज मोजण्यांत येऊं लागली. पुरातन अरण्यांतील लांकूड मात्र ह्या सवलतींतून प्रथमपासूनच वगळलेलें होतें, ही त्यांतल्या त्यांत शहाणपणाची गोष्ट.

१९७० च्या आगेंमागें ग्रँड कूलीच्या तिसऱ्या वीजघराचें काम चाललें असतां तळ्याचें पाणी नेहमींपेक्षां फार खालीं आणावें लागलें होतें. तेव्हां केटल फॉल्सचे खडक, ते रांजण, पुन्हां उघडे पडले. ज्या वृद्धांनीं लहानपणीं तेथें मासे पकडले होते ते पाहावयास गेले. मग पाणी चढलें. २०१९ सालीं कॉलव्हिल जमातींनीं धरणांच्या वरील पाण्यांत सॅमन मासे सोडण्यास आरंभ केला. वाटेंत शिडी नसलेलीं दोन धरणें आहेत, म्हणून हे मासे पाण्याच्या टाक्यांत भरून मोटारींनीं वर न्यावे लागतात.